पुंगळी नेमकी अडतेय कुठे?

आधीच सांगून टाकतो, या वीकांताचा लेख बंदुकीबद्दल आहे. पण त्यात एकही गोळी सुटत नाही आणि एकही हरीण मरत नाही. ज्यांना हा विषयच नको वाटतो (आमच्या घरातही बहुमत त्याच बाजूचं आहे) त्यांनी हा डीबगिंगवरचा लेख समजून वाचावा. तसा तो आहेच.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही राहतो विस्कॉन्सिनमधे. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो. कोकणी माणूस गणपतीची रजा जशी मागत नाही, नुसती सांगतो, तशी इथली मंडळी या आठवड्याची रजा सांगतात. आमचे शेजारी निवृत्त मशिनिस्ट आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना आम्ही घरात आपसात 'मास्तर' म्हणतो, म्हणून इथेही मास्तरच. मास्तर आपल्या रायफलची काडतुसं स्वतः भरतात. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. याला म्हणतात रीलोडिंग. स्वतःच्या वापरापुरतं असेल तर इथे हा कायदेशीर छंद आहे.

हुरळून जाऊ नका. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आणि इथेही एच-वन-बीवर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाईच आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. मी स्वतः नुसता बघ्या. मास्तरांच्या गॅरेजमधे माझी भूमिका कॉफी पिणे आणि व्हर्निअरवरचे आकडे कागदावर लिहिणे, एवढीच.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मास्तरांच्या गॅरेजमधे तीन पिढ्या जमल्या होत्या. मास्तर, त्यांचा मुलगा आणि सतरा वर्षांचा नातू. नातवाने मास्तरांच्या देखरेखीखाली २० काडतुसं भरली होती, आणि सकाळी रेंजवर त्यातली ७ रायफलमधे नीट बसत नव्हती. बोल्ट पुढे जायचा, पण दांडी खाली वळवताना शेवटच्या टप्प्यात घट्ट व्हायची. बाकीची १३ लोण्यासारखी आत गेली.

इथे काडतुसाची शरीररचना सांगायला हवी. रायफलचं काडतूस बाटलीच्या आकाराचं असतं आणि मराठीत त्याचे अवयव सांगणं फार सोपं आहे: खाली बूड, मधे धड, मग उतरता खांदा, वर मान आणि मानेच्या तोंडात गोळी. मास्तरांची रायफल 'थर्टी-ऑट-सिक्स'ची. तीस म्हणजे नळीचा ०.३० इंच व्यास, आणि ०६ म्हणजे १९०६, ज्या वर्षी अमेरिकन सैन्याने हे काडतूस स्वीकारलं. आपल्या ओळखीच्या थ्री-नॉट-थ्रीत पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि काडतूस त्या कडेवर टेकतं. थर्टी-ऑट-सिक्सला तशी कड नाही. ते आपल्या खांद्यावर टेकतं. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते कमी पडलं तर बोल्ट बंद होत नाही, आणि जास्त झालं तर त्याहून वाईट. ते पुढे येईलच.

आता गंमत बघा. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी बाहेर येते. पण ती आता कारखान्यातल्या मापाची राहिलेली नसते, तर ज्या चेंबरमधे उडाली त्या चेंबरचा साचा झालेली असते. ती पुन्हा वापरायची तर डायमधे दाबून लहान करावी लागते. किती लहान? बोल्ट ॲक्शन रायफलसाठी खांदा साधारण एक ते दोन थाऊ मागे ढकलला की पुरे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिंपरी-भोसरीत ज्यांच्या घरी कोणी टूलरूमला होतं त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: माणसाच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी ढोबळमानाने तीन थाऊ. म्हणजे सगळा मामला केसापेक्षा बारीक.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. "डाय पुरेसा खाली नाही. अजून पाव फेरा खाली घ्या, सगळ्या बसतील."

हा सल्ला वाईट नाही. घट्ट बसणाऱ्या काडतुसाचं सगळ्यात नेहमीचं कारण खरोखरच तेच असतं. त्यात एक फसवा भागही आहे. डाय अर्धवट खाली असेल तर तो पुंगळीचं धड दाबतो पण खांद्यापर्यंत पोचत नाही. टूथपेस्टची ट्यूब मधे दाबली की पेस्ट पुढे सरकते ना, तसा खांदा उलट पुढेच सरकतो. म्हणजे डायमधून काढलेली पुंगळी वापरलेल्या पुंगळीपेक्षा लांब! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

पण पाव फेरा म्हणजे किती? मी कागदावर गणित केलं. या डायच्या आट्या इंचाला १४. एक फेरा म्हणजे एक भागिले चौदा, साधारण ७१ थाऊ. पाव फेरा म्हणजे जवळजवळ १८ थाऊ. हवेत दोन. दोन थाऊसाठी डाय फक्त दहा अंश फिरवायचा. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत बारा अंश फिरतो, त्याहूनही कमी.

मास्तर हसले, पण डायला हात लावला नाही. म्हणाले, "आधी सांगा, अडतंय कुठे?"

मुलगा म्हणाला, "चेंबरमधे."

"चेंबर अडीच इंच लांब आहे. त्यात कुठे?"

इथून पुढचे दोन तास मला हापिसातल्या कितीतरी मीटिंगांपेक्षा जास्त शिकवून गेले.

मास्तरांचा पहिला नियम: गॅरेजमधे जिवंत काडतूस चेंबरमधे जाणार नाही. कारण काहीही असो, जे बघायचं ते बिनप्रायमरच्या, बिनदारूच्या पुंगळीवर. आणि रेंजवर एखादं काडतूस अडलंच तर नळी मातीच्या बंधाऱ्याकडे ठेवून ते शांतपणे बाहेर काढायचं. दांडीवर तळहाताने दणका द्यायचा नाही. गोळी पुढे नळीच्या आट्यांत रुतलेली असेल तर मागे खेचताना पुंगळी हातात येते, गोळी नळीत राहते आणि दारू सगळ्या यंत्रात सांडते. मुळीच हलत नसेल तर सरळ गनस्मिथकडे.

दुसरा नियम आपल्या ओळखीचा आहे: प्रॉब्लेम अर्ध्यात तोडा. नातवाने ५० पुंगळ्या डायमधून काढल्या होत्या, त्यातल्या २० भरल्या. म्हणजे ३० नुसत्या रिकाम्या, बिनप्रायमरच्या शिल्लक होत्या. मास्तरांनी बोल्टमधली फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून ठेवली, म्हणजे हाताला फक्त पुंगळीचा विरोध कळावा. मग एकेक पुंगळी घालून बघायची. ३० पैकी ११ घट्ट.

या एका चाचणीने अर्धी यादी बाद झाली. गोळी फार बाहेर बसवलीय आणि आट्यांना टेकतेय? रिकाम्या पुंगळीत गोळीच नाही, म्हणजे ते नव्हे. गोळी बसवताना डायने मान दाबून खांद्याला फुगवटा आणला? (पुंगळ्यांची लांबी कमीजास्त असली की हे हटकून होतं.) तेही नव्हे, कारण या त्या डायमधे गेलेल्याच नाहीत. चेंबर घाण आहे? मग सगळ्याच अडल्या असत्या. ज्यांनी गिट बायसेक्ट वापरलंय त्यांना हा आनंद माहीत आहे.

उरल्या शक्यता पुंगळीतल्याच. मास्तरांनी सांगितलेली यादी मी लिहून घेतली ती अशी:

१. खांदा पुरेसा मागे गेलेला नाही.

२. पुंगळी लांब झाली आहे. प्रत्येक वापरात पितळ मानेकडे वाहत जातं. या काडतुसात पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच, आणि कापून ती २.४८४ वर आणायची असते. लांब राहिली तर तोंड चेंबरच्या टोकाला टेकतं. बोल्ट जोराने बंद केला तर ते तोंड गोळीवर आवळलं जातं, गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोकादायक चढतो.

३. मान जाड झाली आहे.

४. बूड फुगलं आहे, आणि डायने ते पुरतं दाबलेलं नाही.

५. बुडाच्या कडेला खरका आहे. एक्स्ट्रॅक्टरने ओरबाडलेलं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतं.

६. पितळ वारंवार दाबून कडक झालंय, आणि डायमधून बाहेर आल्यावर पुन्हा फुगतंय.

मग मोजमाप. नातू मोजत होता, मी लिहीत होतो. लांबी: सगळ्या मापात. मान: ठीक. मग व्हर्निअरला कंपॅरेटरची टोपी लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजलं. घट्ट बसणाऱ्या अकरा आणि सहज बसणाऱ्या एकोणीस, दोन्हींचं माप एकच, एखाद्या थाऊच्या फरकाने. म्हणजे खांदा निर्दोष. डाय खाली घ्यायची गरजच नव्हती.

आणि मग मास्तरांनी खिशातून काळा मार्कर काढला. एका घट्ट पुंगळीला मानेपासून बुडापर्यंत काळं फासलं, चेंबरमधे घातली, बोल्ट बंद केला, उघडला, बाहेर काढली. सगळीकडे काळं जसंच्या तसं. फक्त बुडाशी, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेच्या जरा वर, एक लख्ख पितळी पट्टा.

मला एकदम बाबा आठवले. ते टूलरूमला होते. दोन भाग एकमेकांत बसत नसले की निळं फासून बघायचे. ब्लू लावायचा, भाग बसवायचा, काढायचा. जिथला ब्लू पुसला तिथे घासायचं. इतर कुठेही कानस लावायची नाही. हजारो मैलांवर, दुसऱ्या भाषेत, तीच विद्या. फक्त रंग काळा.

तर बूड फुगलेलं. पण अकराच का? नातवाने पुंगळ्या उलट्या करून बुडावरचे शिक्के वाचायला घेतले आणि हळूहळू गप्प झाला. अकराच्या अकरा पुंगळ्यांवर 'एलसी' आणि दोन आकडी साल. एलसी म्हणजे लेक सिटी, मिसुरीतला सैन्याचा दारूगोळा कारखाना. भरलेल्यांपैकी अडलेल्या सातांवरही तेच. पन्नासात एकूण २१ एलसी होत्या आणि त्यातल्या १८ अडत होत्या. मास्तरांच्या स्वतःच्या पुंगळ्या दुकानातल्या काडतुसांच्या. त्यातली एकही अडली नव्हती.

या एलसी आल्या कुठून? कॉफीच्या एका जुन्या डब्यातून. तो डबा मास्तरांच्या धाकट्या भावाचा. भाऊ आदल्या हिवाळ्यात गेला. नातवाला नेम धरायला शिकवलं ते या चुलत आजोबांनी, आणि दर नोव्हेंबरात ते त्याला शेजारी बसवायचे. हा त्यांच्याशिवायचा पहिला सीझन. त्यांच्या पुंगळ्यांत भरलेली काडतुसं घेऊन जायचं, हे पोराने मनाशी ठरवलेलं होतं. म्हणूनच त्याने त्या मिसळल्या होत्या.

मी विचारलं, "तुमच्या भावाच्या रायफलमधे या कधी अडल्या होत्या का?"

"कधीच नाही," मास्तर म्हणाले. "त्याच्याकडे गॅरंड होती."

म्हणजे 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' आपल्या धंद्यातलं आद्य वाक्य :-)

एम-वन गॅरंड ही अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली रायफल, काडतूस तेच थर्टी-ऑट-सिक्स. पण ती अर्धस्वयंचलित. गोळी सुटल्यावर वायूच्या जोरावर यंत्र स्वतःच पुंगळी ओढून बाहेर फेकतं. लष्करी चेंबरही सहसा सढळ, कारण चिखल-मातीतही काडतूस आत जायला हवं. अशा चेंबरमधे बूड जास्त फुगतं. नेहमीच्या डायमधे ते पूर्ण मापावर येत नाही. गॅरंडच्या सढळ चेंबरला त्याने काही फरक पडत नव्हता. मास्तरांच्या रायफलचं चेंबर कसोशीचं, तिथे ते भिडलं.

मुलगा म्हणाला, मग स्मॉल-बेस डाय मागवू. हा बूड थोडं जास्त दाबणारा डाय असतो, आणि या दुखण्यावरचं खरं औषध तेच. सीझनला अजून वेळ होता. नातवाचा चेहरा उजळला.

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी कागदाची एक पिन सरळ केली, तिचं टोक काटकोनात वाकवलं आणि नातवाच्या हातात दिली. पुंगळीत आत घालायची, टोक भिंतीला टेकवून बुडाकडून वर ओढत आणायचं. भिंत सलग असेल तर पिन सरकत येते. आत गोलाकार चर पडलेली असेल तर टोक त्यात अडकतं.

ही चर का पडते? जी रायफल सढळ, तिच्यात पुंगळी दर वेळी ताणली जाते, मग डाय तिला मागे दाबतो, पुढच्या वेळी पुन्हा ताण. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. पितळ बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जातं. आणि एक दिवस चेंबरमधेच पुंगळीचे दोन तुकडे होतात. काडतुसात चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर जो वायू कोंडून ठेवायचा, तो कोंडणारी भिंतच फाटते.

डाय पाव फेरा खाली घेण्यातला धोका मला इथे कळला. समजा आणखी खाली घेता आला असता (काही लोक त्यासाठी शेल होल्डरचा माथा घासतात), तर चांगल्या २९ पुंगळ्यांचाही खांदा नको तितका मागे गेला असता. सगळी काडतुसं सहज बसली असती. आणि दर वेळी प्रत्येक पुंगळी तेवढीच ताणली गेली असती. तक्रार बंद, आणि दुखणं मात्र ५० ठिकाणी.

भरलेल्या एलसी काडतुसांच्या गोळ्या मास्तरांनी गॉगल लावून, हातोडीसारख्या पुलरने काढल्या आणि दारू वेगळी केली. मग २१ पुंगळ्यांत पिन फिरली. चारांत ती अडली. नातवाने स्वतः पुन्हा बघितलं. चारच.

"उरलेल्या सतरा चालतील ना?" त्याने विचारलं.

"त्या सतरा या चारांच्याच बरोबर भरल्या गेल्या, त्याच रायफलमधे उडाल्या," मास्तर म्हणाले. "किती वेळा ते फक्त त्याला माहीत होतं, आणि तो सांगायला नाही."

मग त्यांनी पक्कड उचलली. एक पुंगळी घेतली आणि तिची मान चेपून सपाट केली. का, तर भंगाराच्या डब्यातून चुकूनसुद्धा ती कोणी पुन्हा उचलून भरू नये. पोरगा बघत राहिला. मला वाटलं तो उठून जाईल. मुलगा म्हणाला, "बाबा, एक तरी ठेवू द्या त्याला." मास्तर म्हणाले, "चेपलेली ठेव. हवी तितकी ठेव." दोन-तीन पुंगळ्या झाल्यावर पोराने हात पुढे केला, पक्कड मागून घेतली आणि उरलेल्या स्वतः चेपल्या. कोणी काही बोललं नाही. गॅरेजमधे नुसता पितळ दबल्याचा आवाज.

भावाच्या पुंगळ्यांना सगळ्यात कठोरपणे तपासणारा माणूस त्याचा सख्खा भाऊच होता, हे मला घरी येताना सुचलं. आठवण म्हणून काही जपायचं असेल तर ते फळीवर जपावं. जिथे दाब येणार तिथे नाही. आपल्याकडेही असा कॉफीचा डबा असतोच. कंपनी सोडून गेलेल्या कुणा हुशार माणसाचं एखादं मॉड्यूल, ज्याला कोणी हात लावत नाही, कारण 'त्याने लिहिलंय'. त्याच्या मशीनवर ते चालत होतंच. प्रश्न आपल्या चेंबरचा असतो.

दुसरी गोष्ट त्या सात काडतुसांबद्दल. आपण वैतागतो तो अडण्यावर. पण ती अडली म्हणूनच पिन आत गेली आणि त्या चार सापडल्या. दणका देऊन बोल्ट बंद झाला असता तर त्या सातांतलं एखादं सीझनच्या सकाळी, सतरा वर्षांच्या पोराच्या गालाशी टेकलेलं असतं.

सोमवारी हापिसात एका सर्व्हिसचा टाइमआउट ३० सेकंदांचा ६० करा, म्हणजे एरर येणार नाहीत, असा प्रस्ताव आला. मी विचारलं, "अडतंय कुठे?" सगळ्यांनी माझ्याकडे 'याचं काय बिनसलंय' अशा नजरेने बघितलं. शोधायला दीड दिवस लागला. ते दुखणं काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

असो. लेख लांबला. मास्तरांच्या डायला अजूनही कोणी हात लावलेला नाही.